फळीवरचा कागद

गेली अठ्ठावीस वर्षे मी बडोद्यात कचेरीबाहेरच्या कडुनिंबाखाली टेबल मांडून दुसऱ्यांच्या वतीने लिहीत आलो आहे. ‘मी, खाली सही करणार’ या शब्दांनी सुरू होणारे किती कागद माझ्या हातून गेले याची मोजदाद नाही. परंतु त्यांपैकी एकाखालीही सही माझी नव्हती. सबब, या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातले काही लिहा’ असा निरोप धाडला, तेव्हा मी तो गांभीर्याने घेतला. हे लिखाण कच्चे तीन वेळा आणि पक्के एक वेळ लिहिले आहे.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले आहे. नववीत मी दोन वर्षे होतो, म्हणजे एका अर्थी दहा इयत्तांचा काळ मी शाळेत काढला. हे मी लपवीत नाही, कारण माझे अक्षर पाहिल्यावर कोणी शिक्षण विचारीत नाही. मराठी, गुजराती आणि हिंदी या तिन्ही भाषांत मी अर्ज लिहितो. मोठमोठ्या पदव्या घेतलेली माणसे, ज्यांना आपल्या दारापुढच्या गटाराची तक्रार चार ओळींत मांडता येत नाही, ती माझ्यासमोरच्या बाकावर मुकाट्याने बसतात. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते व दरवाज्यावर पहाऱ्यास असत. त्यांच्या पट्ट्याचे पितळी बक्कल आजही आमच्या घरी आहे. पहारा आमच्या रक्तात आहे, असे मी म्हणत असे. ते किती खरे होते हे पुढे येईलच.

परंतु संपादकांना माझ्याविषयी जे ऐकू आले होते ते अर्जांविषयी नव्हे, फळ्यांविषयी होते. त्याचा उगम असा.

घरफोडी झाली की लोक प्रथम ओरडतात, मग शेजाऱ्यांना बोलावतात आणि मग कोणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवतो. कारण ठाण्यात जाऊन घाबरलेल्या माणसाला काहीच सुसंगत सांगता येत नाही. लेखी नेले की काम सोपे होते. एके दिवशी सकाळी निजामपुऱ्यातील एक गृहस्थ असेच आले. मी त्यांना घटनेचा क्रम विचारीत होतो आणि ते दर वाक्यानंतर मागे वळून पाहत होते. शेवटी मी विचारले, “लक्ष कुठे आहे आपले?”

“घरी,” ते म्हणाले. “दार फुटलंय. बायको उंबऱ्यात खुर्ची टाकून बसलीय. हातात लाटणं आहे.”

त्या क्षणी मला एक गोष्ट लख्ख दिसली. अर्ज लिहिला जाईल, ठाण्यात पोचेल, त्यावर शिक्का बसेल, पण तोपर्यंत त्या भगदाडापुढे एक बाई लाटणे घेऊन बसणार. रस्त्याच्या पलीकडे रमणभाई मिस्त्रींची लारी, म्हणजे हातगाडी, असे. कचेरीतल्या खुर्च्यांचे पाय बसवणे, बाकांना पट्ट्या मारणे ही त्यांची कामे. मी त्यांना हाक मारली आणि त्या गृहस्थांबरोबर पाठवले. सायंकाळी ते परत आले आणि म्हणाले, “रायटरसाहेब, बाईने लाटणं खाली मूक्युं ने मला चहा दिला. असली चहा जिंदगीत नथी पीधी.”

अशी आमची भागीदारी जमली. लेखी बाजू माझी, लाकडी बाजू त्यांची.

बाहेरच्या माणसाला वाटते की फळी मारणे म्हणजे चार खिळे ठोकणे. तसे ते नाही. पहिला नियम, पोलिसांनी पाहिल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. ही खबरदारी माझ्याकडे. बाया केरसुणी घेऊन धावतात, त्यांना आवरावे लागते. दुसरा नियम, काच झाडायची नाही, उचलायची. मोठे तुकडे आधी, वरून खाली. मग बारीक चुरा ओल्या वर्तमानपत्राने टिपायचा आणि सगळे कंतानाच्या पिशवीत बांधायचे. तिसरे, भोकाच्या मापाचे प्लाय कापायचे नाही; चहूबाजूंनी चार चार बोटे मोठे कापायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, खिळे वापरायचे नाहीत. खिळा पहारीने उपटता येतो. रमणभाई बोल्ट वापरतात. बाहेरून बोल्टाचे गुळगुळीत गोल डोके दिसते, त्याला ना पाना लागतो ना पेचकस; नट सगळे आतून, आडव्या पट्टीवर. दाराचे शास्त्र वेगळे. “दार कदी तुटत नथी, साहेब,” रमणभाई सांगतात, “तुटते ती चौकट.” लाथ बसते ती कडीच्या जागी, आणि कोयंड्याचे स्क्रू चौकटीचे लाकूड घेऊन बाहेर येतात. दार बिचारे साबूत असते. म्हणून आम्ही दार सोडून चौकटीला लोखंडी पट्टी मारतो.

ही सर्व सामग्री माझ्या स्कूटरवरून जात असे. स्कूटर मी चालवीत असे आणि रमणभाई मागे बसून प्लायचा पत्रा आडवा धरीत. विश्वामित्री नदीच्या पुलावर वारा आला की पत्र्याचे शीड होई आणि आम्ही ज्या दिशेस निघालो होतो तीच दिशा कायम राहील याची खात्री राहत नसे. एकदा वासणा भागात जायचे ते आम्ही पुलाच्या अलीकडे एका उसाच्या रसवाल्याच्या मांडवात शिरलो. रसवाल्याने विचारले, “बे ग्लास?” रमणभाई म्हणाले, “आता आव्याच छीए तो बे आप.”

आता कागदाविषयी, कारण सर्व कथा त्यावरच येते.

निजामपुऱ्यात एका साड्यांच्या दुकानाची दर्शनी काच फुटली. भर सणाचे दिवस. आम्ही फळी मारली आणि दुसऱ्या दिवशी मालक धावत माझ्या टेबलाशी आले. फळी पाहून लोकांना वाटत होते की दुकान उठले, गिऱ्हाईक फिरकेना. मी तेथल्या तेथे एक कागद लिहिला: ‘येणाऱ्या-जाणाऱ्या सर्व सद्‌गृहस्थांस व भगिनींस कळविण्यात येते की, सदर दुकानाची फक्त काच फुटलेली असून दुकान व मालक दोन्ही सुस्थितीत आहेत.’ गुजराती आणि मराठी दोन्हींत. लोक कागद वाचण्यासाठी थांबले, हसले आणि आत गेले. नवी काच आल्यावरही मालक फळी काढू देईनात.

त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक फळीवर माझा कागद चिकटू लागला. घर कोणाचे, काय झाले, फळी कोणी व कोणाच्या सांगण्यावरून मारली, हात लावल्यास काय होईल, हे सर्व रीतसर, परिच्छेद पाडून. प्लास्टिकच्या पिशवीत घालून चारही कोपऱ्यांना टाचण्या. अर्ज लिहिणाऱ्याचे पहिले तत्त्व असे की तपशील अपुरा ठेवू नये. अपुरा अर्ज परत येतो. हे तत्त्व मी अठ्ठावीस वर्षे पाळले आणि त्यानेच मला तोंडघशी पाडले.

मध्येच वासण्याच्या एका महाशयांचे सांगितले पाहिजे. उत्तरायणाच्या दिवशी ते पतंग उडवून खाली आले तो किल्ली गच्चीवरून कोठे गेली कळेना. बायको माहेरी. त्यांनी स्वतःच्याच स्वयंपाकघराची खिडकी फोडली, आणि मग बायकोच्या भीतीने माझ्याकडे येऊन म्हणाले, “चोर आला होता असं लिहा.” मी स्पष्ट सांगितले की माझ्या लेखणीतून असत्य उतरत नाही, फळी मात्र मारून मिळेल. फळी मारून होते तोच बाईसाहेब माहेराहून परतल्या. त्यांनी खिडकीखालच्या चिखलाकडे पाहिले, मग नवऱ्याच्या पायाकडे पाहिले आणि मला म्हणाल्या, “का हो रायटरसाहेब, चोर आमच्या ह्यांच्या चपला घालून आला होता का?” रमणभाईंनी पेचकस पेटीत ठेवला व आम्ही चहासाठी थांबलो नाही.

कुमुदताई या कारेलीबागेतील एका जुन्या सोसायटीत राहतात. निवृत्त शिक्षिका, यजमान जाऊन बरीच वर्षे झाली, ते पोथ्यांचे मोठे अभ्यासक होते. एकुलती मुलगी सुमन नागपुरास दिलेली. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास त्या स्वतः रिक्षाने माझ्या टेबलाशी आल्या. मागल्या खोलीची काच फुटली होती, दोन गज वाकवलेले होते. चोर बहुधा कशाने तरी बिचकून पळाला होता, कारण आत काही गेले नव्हते.

“मला अर्ज नकोय,” त्या म्हणाल्या. “मला दोन वाजताची गाडी आहे. सुमनचे दिवस भरलेत, मूल आडवं आहे म्हणतात, डॉक्टरांनी उद्याची वेळ दिलीय. तिला सासू नाही, कोणी नाही. आणि इथे मागच्या बाजूला हे एवढं भोक. घर असं टाकून जायचं मला फावत नाही हो, आणि राहायचं तर मुळीच फावत नाही.”

मी उठलो. समोर बसलेल्या दोन पक्षकारांना उद्या येण्यास सांगितले. पोलिसांचा पहिला नियमही त्या दिवशी बाजूला ठेवला. रमणभाईंना हाक मारली. साडेअकरापर्यंत खिडकी बंद झाली पाहिजे, आणि अशी बंद झाली पाहिजे की महिनाभर त्या माउलीच्या मनात खिडकी येता कामा नये, एवढेच माझ्यापुढे होते.

काम उत्कृष्ट झाले. बारा मिलिमीटरचे प्लाय, आतून दोन सागवानी पट्ट्या, सहा बोल्ट गजांच्या मधून काढलेले. मी आत उभा राहून देखरेख करीत होतो. कुमुदताई पिशवी भरीत होत्या. त्यांनी कपाटातून एक छोटी पितळी डबी काढली, उघडली आणि मला दाखवली. आत चांदीचे वाळे होते, तान्ह्या मुलाचे.

“सुमनचे,” त्या म्हणाल्या. “पाय तोंडात घालून वाळा चावायची. हे बघा, हा तिच्या पहिल्या दाताचा खळगा. बारशाला बाळाच्या पायात घालीन.”

मी म्हणालो, “ताई, एकट्या बाईमाणसाने प्रवासात चांदी नेऊ नये. गाडीत काय काय होते याचे अर्ज मी रोज लिहितो. ही डबी कपाटातच ठेवा. या फळीमागे तिला कोणी हात लावणार नाही. बारशाच्या आधी मी स्वतः नागपुरास आणून देईन.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. “खात्री आहे?”

“मी लिहून देतो,” मी म्हणालो.

त्यांनी डबी पुन्हा लुगड्यांच्या मागे ठेवली. मी ते डोळ्यांनी पाहिले.

मग मी कागद लिहिला. माझ्या आयुष्यातील उत्कृष्ट कागदांपैकी तो एक होता. आजही तसेच म्हणेन. ‘सदर घराच्या मालकीणबाई आपल्या कन्येच्या बाळंतपणानिमित्त आज रोजी दुपारी दोनच्या गाडीने नागपूर मुक्कामी जात असून एक महिन्याने परत येतील. तोपर्यंत घर बंद राहील. घराची किल्ली शेजारील प्रभाबेन यांचेकडे आहे. सदर फळीस कोणीही हात लावू नये. लावल्यास कायदेशीर इलाज करण्यात येईल.’ मी तो मोठ्याने वाचून दाखवला. रमणभाई बोल्ट पुसत होते.

“कागद तो मस्त छे,” ते म्हणाले. “पण साहेब, आटलुं सगळं सांगायची जरूर शुं?”

“रमणभाई,” मी म्हणालो, “आपण लाकडाचे पाहा.”

कुमुदताईंसाठी रिक्षा दारात आणून, प्रभाबेनना नमस्कार करून आम्ही निघालो. कुमुदताईंची रिक्षा आमच्या मागून निघणार होती, कारण त्यांना अजून देवापुढे दिवा लावायचा राहिला होता आणि रिक्षावाला थांबायला तयार होता. पुलावर त्या दिवशी वारा नव्हता. मी स्कूटर चालवताना गुणगुणत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रभाबेनचा फोन आला. “भाऊ, जल्दी आवो. गजब थई गयो.”

आम्ही गेलो. फळी जशीच्या तशी होती. कागदही होता, चारही टाचण्या जागेवर. चोरांनी फळीला बोटसुद्धा लावले नव्हते. ते पुढल्या दाराने आत गेले होते. चौकट कोयंड्यापाशी फुटलेली, दार साबूत. रमणभाई चौकटीपुढे उभे राहिले, पण या वेळी त्यांनी मला ते सूत्र ऐकवले नाही.

कुकर, रेडिओ, पितळी भांडी गेली होती. कपाट सताड उघडे, लुगडी जमिनीवर. माझाच पहिला नियम विसरून मी लुगडी एकेक उचलून झटकली. डबी नव्हती. कपाटाखाली पाहिले, पलंगाखाली पाहिले, देवघरात पाहिले. डबी नव्हती.

ठाण्यातून जमादारसाहेब आले. त्यांनी दार पाहिले, मग घराला फेरी मारून मागे गेले. बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी गेलो. ते माझा कागद वाचीत होते. शांतपणे, बोट ठेवून.

“भाऊ, आ कोणे लख्युं?”

“मी.”

“अक्षर फाइन छे,” ते म्हणाले. “ट्रेननो टाइम पण लख्यो छे. आता फक्त चावी कुठे ठेवली तेवढं लिहायचं राहिलं.”

मला सांगावे लागले की ते शेवटून तिसऱ्या वाक्यात आहे.

जमादारसाहेबांनी टोपी काढली, कपाळ पुसले आणि पुन्हा घातली. हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजन्म आभारी आहे. हसणे त्यांनी फाटकाबाहेर गेल्यावर उरकले. मला ते ऐकू आले.

तक्रार प्रभाबेनच्या सहीने द्यायची होती आणि लिहायची मलाच होती. गेलेल्या वस्तूंची यादी करताना ‘बाब क्रमांक चार, चांदीचे वाळे, एक जोडी, पैकी एकावर दाताची खूण’ या ओळीवर माझा हात थांबला. मग पुढचा रकाना: घर रिकामे असल्याची माहिती चोरांस कोठून मिळाली असावी. येथे लोक नोकराचे, दूधवाल्याचे, भाडेकरूचे नाव घालायला सांगतात. मी लिहिले, ‘प्रस्तुत अर्ज लिहिणाऱ्याने स्वहस्ते लिहून खिडकीवर लावलेल्या कागदावरून.’ प्रभाबेनना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “भाऊ, एवं ना लखो.” मी म्हणालो, “बेन, अपुरा अर्ज परत येतो.”

आता प्रश्न होता कुमुदताईंना कळवण्याचा. त्याच सकाळी नागपूरहून प्रभाबेनना फोन आला होता: ऑपरेशन झाले, मुलगी झाली, पण सुमनला ताप आहे, उठवत नाही, बाळ आजीच्याच मांडीवर आहे. आता जर सांगितले की घर फुटले, तर त्या मिळेल त्या गाडीने निघाल्या असत्या. मुलीला तापात टाकून आणि बाळाला परक्यांच्या हाती देऊन. आम्ही तिघांनी ठरवले की सांगायचे नाही. प्रभाबेनना खोटे बोलता येत नाही, हीच एक अडचण होती. दुपारी फोन वाजला. पलीकडून विचारणा झाली, फळी ठीक आहे ना? प्रभाबेन माझ्याकडे पाहत म्हणाल्या, “अरे कुमुदबेन, फळीला तो कोईए हात पण नथी लगाड्यो!” अक्षरही खोटे नव्हते.

रमणभाईंनी चौकट बसवली, पट्टी मारली. मी कागद काढून टाकला. पण कागद काढल्याने काय होते? जे वाचायचे ते वाचून झाले होते, आणि एकदा साधलेल्या घरात चोर पुन्हा येतात हे आमच्या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबल, टाइपरायटर आणि बाक लारीवर घातले आणि कुमुदताईंच्या ओट्यावर मांडले. दिवसा मी बसे; अंधार पडल्यावर प्रभाबेनचे यजमान ओट्यावर खाट टाकीत. सोसायटीतले लोक प्रथम बिचकले. मग एकजण नळाच्या दाबाची तक्रार घेऊन आला, एकजण मुलाच्या दाखल्याचे काम. आठवड्यात ओट्यावर रांग लागू लागली. रमणभाई रोज येऊन विचारीत, “कां साहेब, कोर्ट इथेच शिफ्ट केलं?”

मी हसत असे, पण माझे लक्ष फोनवर असे. बारसे जवळ येत होते. कोणत्याही दिवशी निरोप येईल की डबी घेऊन या, तुम्ही लिहून देणार होता ना? मी सराफांच्या गल्लीत जाऊन वाळे पाहिले. पुष्कळ होते, चकचकीत होते. कोणत्याही वाळ्यावर सुमनचा दात नव्हता. मग मी कुमुदताईंना पत्र लिहायला बसलो. दुसऱ्यांच्या वतीने मी सासऱ्यांची, सरकारची, देवस्थानांची क्षमा मागितली आहे. स्वतःच्या वतीने मला ‘तीर्थस्वरूप’च्या पुढे जाता येईना. पाच कागद फाडले. सहावा टाइपरायटरवरच राहिला.

बारसे झाले. मुलीचे नाव गार्गी ठेवले, असे प्रभाबेननी सांगितले. डबीविषयी एक शब्द नाही. त्या विसरल्या नसणार, हे मला ठाऊक होते. मी मनाशी ठरवले की त्यांना कुठून तरी कळले आहे आणि त्या मला लाजवू इच्छित नाहीत. ही कल्पना कोणत्याही शिवीपेक्षा जड होती.

महिना संपला आणि एका सकाळी रिक्षा थांबली. कुमुदताई उतरल्या. आपल्या ओट्यावर टाइपरायटर, बाक आणि रांगेतली तीन माणसे पाहून त्या फाटकातच उभ्या राहिल्या. मी उठलो. रांगेला बाजूला केले आणि उभ्यानेच सर्व सांगितले. चौकट, कुकर, रेडिओ, कागद, जमादारसाहेब, सर्व, क्रमाने. वाळ्यांचे मी सर्वांत शेवटी सांगितले.

कुमुदताईंनी ऐकून घेतले. मग हातातली पिशवी बाकावर ठेवून म्हणाल्या, “वाळे गार्गीच्या पायात आहेत.”

“पायात?” मी विचारले.

“तुम्ही गेल्यावर मी मागे जाऊन कागद वाचला हो. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या वाचल्यात, समोर आलेलं वाचल्याशिवाय मला राहवतं का? वाचला आणि म्हटलं, बाई, आता हे घर काही तुझं नाही. आत आले, डबी काढली आणि कमरेला खोचली.”

“मग आपण कागद काढून का टाकला नाही?”

“काढणार होते,” त्या म्हणाल्या. “पण इतकं जीव ओतून लिहिलेलं होतं. टाचण्यासुद्धा सरळ रेषेत. आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. म्हटलं, कुकर गेला तर जाईल.” मग त्यांनी पिशवीतून एक फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला. फोटोत एक तान्ही मुलगी होती, डोळे मिटलेली, पाय वर केलेली. वाळे तिला बरेच मोठे होत होते.

रांगेतला एक मनुष्य मागून म्हणाला, “साहेब, मारी अरजी?” कुमुदताई म्हणाल्या, “थांब जरा, आधी ह्यांना पाणी दे.”

त्याच दुपारी मी ठाण्यात पुरवणी अर्ज दिला: ‘मागील अर्जातील यादीपैकी बाब क्रमांक चार ही चोरीस गेलेली नसून, ती अर्जदाराच्या शेजारीणबाईंच्या कमरेस होती व सध्या नातीच्या पायात आहे, तरी ती वस्तू शोधण्याचे श्रम घेऊ नयेत.’ जमादारसाहेबांनी तो दोनदा वाचला आणि एक प्रत मागून घेतली. कशाकरिता ते विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. कुकर आणि रेडिओ सापडले नाहीत.

खिडकीला पुढे नवी काच बसली. फळी मात्र रमणभाईंनी काढून नेली नाही. ती कुमुदताईंनी आत भिंतीशी उभी करून ठेवली आहे. आमच्या फळ्यांवर आता कागद नसतो. गिऱ्हाईक फारच आग्रह धरू लागले तर मी ‘कुत्रा आहे’ एवढे लिहितो, आणि खरेच आहे की नाही हे प्रथम विचारून घेतो.

दर उन्हाळ्यात कुमुदताई महिनाभर नागपुरास जातात. जाण्याच्या आदल्या दिवशी रमणभाई फळी बाहेर काढून, खिडकी उघडून ती गजांवर बसवतात, सहाही बोल्ट आवळतात आणि माझ्याकडे पाहून विचारतात, “कागद?” मी नकारार्थी मान हलवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लारीवर टेबल, टाइपरायटर व बाक घालून मी कारेलीबागेत येतो आणि ओट्यावर, दाराच्या बरोबर समोर बसतो. पणजोबांचे बक्कल त्या महिन्यात मी पट्ट्याला लावतो. ते कोणाला दिसत नाही, सदरा वरून येतो.